खिळ्याच्या वरची रेघ

१

सकाळी साडेदहाची वेळ. ठिकाण: खालच्या आळीतलं टेलरबाईंचं घर, पुढची खोली. चक्रीवादळ डोंगरावर आपटून विरलं त्याला आठवडा झाला होता. पाऊस थांबला होता आणि नदी मुकाट्याने आपल्या पात्रातून वाहत होती. खोलीत आम्ही तिघं होतो: पूर मोजणाऱ्या लेव्हलबाई, त्यांची मापाची दांडी धरणारे दांडीवाले आणि मी, वर्तमानपत्रवाला. तिघांपैकी कुणीही भिंतीला हात लावला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे चौकशीत मला पहिला प्रश्न हाच विचारला गेला.

"दांडीवाले," लेव्हलबाई म्हणाल्या, "काल खिळा कुठे मारलात?"

"रेघेवर."

"आणि ही कसली रेघ?"

दांडीवाल्यांनी मान वर केली, मग चष्मा वर केला. खिळा छातीच्या उंचीवर होता. महापुराने भिंतीवर सोडलेल्या करड्या चिखलाच्या रेघेत तो बरोबर मधोमध ठोकलेला होता. त्याच्या वर वीतभर अंतरावर दुसरी रेघ होती. तीही अगदी आडवी, चारही भिंतींवरून फिरलेली. दाराच्या चौकटीवरूनही गेलेली.

"ही काल नव्हती, बाई."

"नव्हती की दिसली नाही?"

"मी म्हातारा आहे, आंधळा नाही. बावीस वर्षं पुराच्या रेघा बघतोय. घरी बायकोची मर्जी ओळखता येत नाही, पण रेघ ओळखता येते."

एरवी बाई हसल्या असत्या. त्यांनी पुढे होऊन बोट लावलं. बोटाच्या पेराला चिखल आला. ओला.

मी म्हणालो, "ओल चढली असेल. जुन्या भिंती आहेत."

"ओल चढते ती ढगासारखी, पत्रकारसाहेब. कड फाटकी असते तिची." त्यांनी बोट माझ्या नाकासमोर धरलं. पेरावर चिखलात रुतलेला गवताचा भुसा होता आणि एक बी. "ओल आपल्याबरोबर भुसा घेऊन चढते का?"

 तीस वर्षं मी सरकारी माणसांना उत्तरं देता येणार नाहीत असे प्रश्न विचारत आलोय. उलटं फार कमी वेळा घडलं.

२

डोंगरातला पूर कुणी उभं राहून मोजत नाही. मोजायला बसवलेली यंत्रं पहिल्या लोंढ्यातच वाहून जातात. मग पाणी ओसरल्यावर ही माणसं येतात आणि पुराने मागे काय ठेवलं ते वाचत जातात. भिंतीवरची चिखलाची रेघ, झाडाच्या बेचक्यात अडकलेला पाचोळा, कुंपणाला लोंबणारी चिंधी. नदीच्या काठाने अशा खुणा गोळा करायच्या, लेव्हलची दुर्बीण लावून एकेका खुणेची उंची काढायची. त्यावरून पाण्याचा उतार कळतो, उतारावरून पाणी किती आलं ते कळतं. आम्ही वर्तमानपत्रवाले 'प्रलय' असं लिहून मोकळे होतो. लेव्हलबाई मीटरमध्ये लिहितात.

त्यांच्या कामात एक पक्की रीत आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या खुणेवर विश्वास टाकायचा नाही, कारण रस्त्यावर पाणी उसळतं, आपटतं, थुंकतं. बंद खोलीत मात्र ते शांत चढतं आणि शांत उतरतं. म्हणून खोलीतली रेघ सगळ्यात खरी. ती एकदा मोजली की पुन्हा मोजायला कुणी जात नाही. टेलरबाईंच्या घरीही कुणी पुन्हा गेलं नसतं. दांडीवाले आपला हातोडा तिथे विसरले होते म्हणून आम्ही परत गेलो.

मी त्या गावात भांडायला गेलो होतो. खालच्या आळीतली सगळी कुटुंबं वरच्या शाळेत, वर्गांमधून दाटीवाटीने पडली होती. 'मोजणी झाल्याशिवाय घरी जाता येणार नाही' एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं. नियम असा की पाणी दाराच्या वरच्या चौकटीखाली राहिलं असेल तर घर साफ करून राहायला जायचं. चौकटीच्या वर गेलं असेल तर ती आळी कायमची उठवायची आणि सरकारने वरच्या अंगाला जागा द्यायची. म्हणजे एका बाईच्या दुर्बिणीवर सगळं अडलेलं. मी बातमीचा मथळासुद्धा तयार ठेवला होता. तो छापायच्या लायकीचा राहिला नाही.

कारण ही बाई कामात राक्षस होती. शिकलेली, परदेशातून आलेली बोलावणी नाकारलेली, आणि तोंडाने फटकळ. पायात पुरुषांचे गमबूट, एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात दुर्बिणीचा स्क्रू. वाकडी आलेली नोंद 'चालेल' म्हणून पुढे ढकलायची नाही. एका सेंटिमीटरसाठी त्या दांडीवाल्यांना पुन्हा नदीपर्यंत पिटाळायच्या आणि दांडीवाले शिव्या देत, पण धावत जायचे. लोकांनी ठेवलेलं लेव्हलबाई हे नाव त्यांना ठाऊक होतं. "आडनावापेक्षा बरं आहे," त्या म्हणायच्या.

त्या दिवशी दुपारी टेलरबाई शाळेच्या पायरीवर त्यांना गाठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, एकदाचं काय ते सांगा. माझ्या सुनेला नववा लागलाय. ती फरशीवर झोपते, उठताना दोघींनी धरावं लागतं. काल तुम्हीच म्हणालात, छातीपर्यंत पाणी होतं, राहायला जाता येईल."

"काल म्हणाले होते."

"मग आज काय झालं? नदी कुठे वाढलीय?"

लेव्हलबाईंनी नदीकडे बघितलं. खरंच कुठे वाढली होती?

"मला अजून एक दिवस द्या, ताई."

"दिवस मी देईन हो. पोटातलं देणार आहे का?"

मागे बाकावर टेलरबाईंचे सासरे बसले होते. निवृत्त बस ड्रायव्हर, अख्ख्या गावाचे आजोबा. ते म्हणाले, "सूनबाई, त्यांना कशाला विचारतेस? घर माझं आहे. मी घाटात धुक्यातून गाडी काढलीय, कधी मोजपट्टी लावली नाही."

"मामंजी, तुम्ही गप्प बसा. तुम्ही दोनदा गाडी दरीत घातलीय."

"एकदा! दुसऱ्यांदा गाडी स्वतःहून गेली."

सगळे हसले. लेव्हलबाईसुद्धा. पण हसता हसता त्यांनी बोट कापडाला पुसलं, आणि मी बघितलं की सकाळपासून त्या तेच करत होत्या.

३

संध्याकाळी टेलरबाईंच्या घराला लेव्हलबाईंनी स्वतः कुलूप लावलं. किल्ली खिशात. दुसऱ्या रेघेवर दुसरा खिळा, शेजारी रंगाचा ठिपका.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत दोन्ही खिळे होते. रेघ चौकटीच्या वर गेली होती.

 दांडीवाल्यांनी आपली लांब मापाची दांडी भिंतीला टेकवली आणि ते तिच्यामागे उभे राहिले, जणू दांडी हाच आडोसा.

मी माझ्या परीने तपास सुरू केला. खिडकीची कडी आतून लावलेली. मागच्या स्वयंपाकघराचं दार आतून अडसर घालून बंद. कौल फुटलेलं नाही. जमीन कोरडी, इतकी कोरडी की बुटांखाली गाळाची खपली कुरकुरत होती. शिलाई मशीन जागेवर, त्यावर धुळीचा थर. काल खिडकीच्या वरच्या पट्टीवर दोऱ्याच्या रिळांची रांग मी स्वतः पाहिली होती. लाकडी रिळं. आज पट्टी रिकामी होती.

"कुणीतरी आलं होतं," मी म्हणालो. बरं वाटलं मला. चोर असेल, टवाळ पोरं असतील, बाईंशी वैर असणारा कुणी असेल. माणसाने केलेलं काही असलं की मला हायसं वाटतं. माझा धंदाच तो आहे.

"वर बघा," बाई म्हणाल्या.

रिळं कपाटाच्या डोक्यावर होती. ठेवल्यासारखी नव्हती. भिंतीला चिकटून, एकमेकांना टेकून, कोपऱ्याकडे गोळा झालेली. पाणी उतरताना तरंगत्या वस्तू अशाच एका अंगाला सोडून जातं. गेले आठ दिवस मी गावभर हेच पाहत होतो. खुर्च्या, डबे, चपला, सगळं कुठल्यातरी कोपऱ्यात अंग चोरून.

मग मला आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. लाकूड लाकडाला हलकेच लागल्याचा, पोकळ. घाटावर बांधलेली होडी अशी वाजते. आवाज माळ्याच्या फळ्यांकडून येत होता. फळ्यांना काहीही टेकलेलं नव्हतं. रिळं सोडली तर खोलीत लाकडाचं हलू शकेल असं एकच होतं, मशीनपुढचं स्टूल, आणि ते चारही पायांवर जमिनीवर उभं होतं. टक्.

"उंदीर," मी म्हणालो.

"हं," दांडीवाले म्हणाले. इतक्या दयेने माझ्याशी कुणी सहमत झालेलं मला आठवत नाही.

बाई छताकडे बघत होत्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि जमिनीवर पडलं होतं. भरलेल्या हौदावर ऊन पडलं की वरच्या भिंतीवर उजेडाची जाळी थरथरते, ती सगळ्यांनी पाहिलेली असते. तशी जाळी छतावर थरथरत होती. सावकाश, आरामात. खाली कोरडी जमीन होती.

"नोंद घ्या," बाई दांडीवाल्यांना म्हणाल्या. मग दुर्बिणीला डोळा लावला. त्यांनी उंची वाचली. पुन्हा वाचली. मग मला बोलावलं, "तुम्हीही वाचा. मागाहून म्हणू नका की बाईचं डोकं फिरलं होतं."

मी वाचली. तेवढीच आली.

४

नव्या रेघेचा चिखल वाळल्यावर त्याचा रंग दिसला. लाल.

हे माझ्या लक्षात आलं नसतं. गावभर साचलेला गाळ करडा होता, राखेसारखा. बाईंनी कागदावर दोन्ही चिमटी शेजारी शेजारी ठेवल्या. मग जीप काढायला सांगितली.

आम्ही नदीच्या उगमाकडे निघालो. वळणावळणाला त्या उतरायच्या, काठाची माती चिमटीत घ्यायच्या, टाकायच्या. करडी, करडी, काळपट, करडी. गावाच्या बऱ्याच वर, जिथे दरी अरुंद होते, तिथे त्यांनी जीप थांबवायला सांगितली. समोर एक डोंगर थेट नदीवर वाकून उभा होता. वरपासून खालपर्यंत हिरवा, झाडीने भरलेला. वादळाने त्याच्या खांद्यावर एक भेग पाडली होती. फार मोठी नाही, ओरखड्याएवढी. भेगेत माती लाल होती.

"मग तीच माती," मी म्हणालो. "इथून वाहून आली असणार. झालं की!"

"कुठून वाहून आली?" बाईंनी मला विचारलं. "झाडं बघा. एक तरी पडलंय? पायथा बघा. खाली नदीत ढीग आहे? ही माती जागची हललेली नाही. पूर येऊन गेला तेव्हाही नाही, आजही नाही."

"मग घरात ती कशी आली?"

त्या जीपमध्ये जाऊन बसल्या आणि त्यांनी कागद मागितला.

परतताना त्या मांडीवर कागद घेऊन आकडे मांडत होत्या. जीप उसळत होती, पेन्सिल घसरत होती, त्या खोडून पुन्हा मांडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "समजा एवढा डोंगर पात्रात बसला. पाणी त्याच्यामागे तुंबलं आणि एकदम सुटलं. तर टेलरबाईंच्या घरात ते कुठवर चढेल, ते काढलं."

"कुठवर?"

"आज सकाळी तुम्ही जे वाचलंत त्याच्या थोडं वर. छताला जेमतेम तोंड बाहेर राहील इतकं."

दांडीवाले पुढच्या सीटवरून म्हणाले, "बाई, माझं ऐका. हे कागदावर लिहू नका. तुम्हाला घरी बसवतील."

"लिहिणार."

"मग निदान शुद्ध लिहा. मागच्या वेळी मोठ्या साहेबांनी फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या होत्या."

५

बाईंच्या कार्यालयाचे मोठे साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले. पांढरी गाडी, पांढरा शर्ट. गाळात उतरायचं नाही म्हणून गाडी शाळेच्या फाटकापर्यंत आणली होती. माणसं वर्गांतून बाहेर आली.

"तुमची पहिली नोंद छातीच्या उंचीची आहे," साहेब म्हणाले. "सरकारी नोंद. ती पुरेशी आहे."

"दुसरी नोंद पाहिलीत?"

"दुसरी पुराची नाही. पूर ओसरल्यावरची आहे. पूर ओसरल्यावर पूर मोजतात का, मॅडम?"

"रेघ असेल तर मोजतात. मी आत्ता जाऊन आले. पुन्हा वर सरकलीय."

"भिंतीची रेघ की तुमची?" साहेबांनी आजूबाजूला बघून हसू वाटलं. कुणी घेतलं नाही. मग ते गर्दीकडे वळले. "बंधूंनो, भगिनींनो, तुम्ही इथे का खितपत पडला आहात? सोमवारपासून शाळा सुरू होणार. तुमची घरं उभी आहेत. घरी जा."

मी विचारलं, "लेखी देता का?"

"तुम्ही कोण?"

"ज्याला लेखी लागतं तो."

साहेबांनी मला ओळखलं. मला बघून चेहरा पडणारे अधिकारी बरेच आहेत, तेवढी कमाई मी केलीय. ते म्हणाले, "लेखी योग्य वेळी मिळेल." मग बाईंना म्हणाले, "आणि तुम्ही त्या घराचं कुलूप काढा. दुसऱ्याच्या घराला कुलूप लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

बाईंनी खिशात हात घातला. किल्ली नव्हती.

त्यांनी दुसरा खिसा चाचपला. मग मान झटकन वर करून बाकाकडे बघितलं, जिथे टेलरबाईंचे सासरे, म्हातारबा, रोज बसायचे. बाकावर त्यांची टोपी होती.

"मामंजी?" टेलरबाई म्हणाल्या. "अहो, ते आत्ता इथे होते. मॅडमचा कोट मघाशी खुर्चीवर होता, तो उचलून ठेवतो म्हणाले..."

लेव्हलबाई धावत सुटल्या. गमबूट घालून इतकं जोरात धावता येतं हे मी पहिल्यांदा बघितलं.

६

आळी रिकामी होती. ऊन कडकडीत, रस्त्यावर धूळ. कुलूप कडीला उघडं लटकत होतं आणि दार बंद होतं.

ते दार आत उघडतं. बाईंनी ढकललं. हललं नाही. दांडीवाले मागून आले, त्यांनी खांदा दिला. मी दिला. कडी लावल्यावर दार जसं अडतं तसं ते अडत नव्हतं. ते थोडं आत जायचं आणि पुन्हा आम्हाला बाहेर रेटायचं. आत कुणी अख्ख्या अंगाने टेकून उभं असावं, आणि त्याला कसलीच घाई नसावी.

"आजोबा!" मी ओरडलो. आतून आवाज आला. टक्, टक् एवढंच.

मी खिडकीकडे गेलो. काच गाळाने माखलेली होती, बाहीने पुसली. जे दिसलं ते सांगतो. त्यात माझी भर नाही आणि मला त्याचा अर्थ लावायचा नाही.

जमीन कोरडी होती. धूळ होती, मशीन होतं. म्हातारबा स्टुलावर उभे होते, टाचा उचलून, मान पूर्ण मागे टाकून, तोंड छताच्या फळ्यांना लावून. त्यांच्या सदऱ्याचा घेर कमरेभोवती गोल पसरला होता आणि सावकाश हलत होता. डोक्यावरचे पांढरे केस उभे राहून एका बाजूला वाहत होते. चपला त्यांच्या पायात नव्हत्या. त्या त्यांच्या कानाशी होत्या, अधांतरी, फळीला लागत होत्या. टक्.

"दिसतायत का?" बाईंनी विचारलं.

"दिसतायत. छतापाशी तोंड... बाई, आत काही नाहीये. पण ते..."

"कुठवर आहे? चौकटीच्या वर?"

"वर."

एवढ्यात साहेब हाशहुश करत पोहोचले. "काय नाटक चाललंय?" ते म्हणाले. "दार जाम झालंय, एवढंच. लाकूड फुगलंय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मी परत येऊन खांदा दिला; दार आमच्या तिघांच्या जोरासमोर हळूहळू मागे सरत होतं, माणूस जाईल एवढी फट झाली होती. फटीतून काहीच बाहेर आलं नाही. थेंबही नाही. आत उन्हाचा पट्टा कोरड्या जमिनीवर पडलेला दिसत होता. कुणालाही वाटावं, सरळ चालत जावं आणि म्हाताऱ्याला हाताला धरून आणावं.

तिथे त्या थांबल्या. उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी गमबूट काढले, कोट काढला आणि छाती भरून श्वास घेतला. डोळे मिटले, तोंड घट्ट मिटलं आणि मग पाऊल आत टाकलं.

मी आजवर पुष्कळ धीट माणसं पाहिली. गोळीसमोर उभी राहिलेली पाहिली, मंत्र्यासमोर उभी राहिलेली पाहिली, आणि दुसरं जास्त अवघड असतं. पण स्वतःच्या मोजणीवर इतका विश्वास ठेवलेला माणूस मी पाहिलेला नाही. समोर कोरडी खोली होती. सगळ्या जगाला कोरडी दिसत होती. त्यांच्या नोंदीत ती भरलेली होती, म्हणून त्यांनी श्वास घेतला. एवढा एक श्वास घेतला नसता तर त्या आत दोन पावलांवर संपल्या असत्या.

त्यांचे केस वर गेले. हात पसरून, पाय ओढत, फार सावकाश त्या खोलीच्या मध्यापर्यंत गेल्या. मग त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. मी ते बघितलं. दांडीवाल्यांनी बघितलं. साहेबांनीही बघितलं, आणि त्यांनी नंतर काय सांगितलं ते सांगितलं. बाईंचं डोकं म्हातारबांच्या डोक्यापाशी पोहोचलं, एक हात त्यांच्या काखेत गेला, आणि दोघं दाराकडे येऊ लागली. येताना बाईंनी एकदाच डोळे उघडले. आमच्याकडे नाही, मागच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिकडे त्यांनी काय बघितलं हे मी त्यांना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "ते मोजता येण्यासारखं नव्हतं."

उंबऱ्यातून दोघं धाडकन बाहेर पडली, वजन एकदम परत आल्यासारखी. नखशिखांत भिजलेली. म्हातारबांनी खोकून खोकून पाणी काढलं. लाल पाणी, आळीच्या पांढऱ्या धुळीत.

"सूनबाईला सांगू नका," ते पहिलं वाक्य बोलले. "म्हणेल, तिसऱ्यांदा."

आमच्या मागे दार मोठ्या सावकाशीने आपोआप लागलं.

७

चौकशी झाली. अहवालात म्हटलंय की नळाचा पाईप फुटला. मी विचारलं, कुठला नळ? आळीची पाण्याची लाईन वादळाच्या दिवशीच पुलाबरोबर नदीत गेली होती. तिचे तुकडे अजून पात्रात दिसतात. उत्तर आलं, 'जुनी लाईन असू शकेल.' मी विचारलं, जुन्या लाईनचा नकाशा? उत्तर आलं नाही.

टेलरबाईंचं घर 'धोकादायक' ठरवून त्यावर सील मारलं गेलं. फक्त ते एक. डावीकडच्या घराशी त्याची भिंत सामाईक आहे, उजवीकडच्या घराशीही. ती घरं सुरक्षित ठरली. भिंतीची एक बाजू धोक्याची आणि दुसरी बिनधोक, हे गणित कुठल्या कॉलेजात शिकवतात ते मला पाहायचंय.

लेव्हलबाईंना विश्रांतीसाठी रजेवर पाठवलं. त्यांनी मागितली नव्हती. गाव सोडण्याच्या दिवशी दुर्बीण जमा केल्यावर त्यांनी दांडीवाल्यांकडून रंगाचा डबा घेतला, आणि वरच्या रस्त्याच्या कठड्यावर, आपल्या हिशेबाने पाणी जिथवर येईल तिथे, हातभर रुंद पट्टा ओढला. पट्ट्याखाली लिहिलं: 'इथून वर या.' त्याला परवानगी नव्हती. कार्यालयाच्या माणसांनी येऊन चुना फासला. दुसऱ्या दिवशी गावाने पट्टा पुन्हा ओढला. पुन्हा चुना, पुन्हा पट्टा. शेवटी चुना संपला. आता आळीतल्या लहान मुलांनाही कळतं कुठवर पळायचं ते. कुठल्याही सरकारी खर्चात एवढं काम झालेलं मी पाहिलं नाही.

डोंगर अजून उभा आहे. भेग तिथेच आहे. परवानगी मिळत नाही म्हणून ती कुणी मोजलेली नाही.

सोमवारी शाळा उघडली. त्याच्या आदल्या दिवशी फाटकावर एक आदेश लागला होता: खालच्या आळीतील रहिवाशांनी आपापल्या घरी परतावे. त्यावर शिक्का होता, सही नव्हती. मोठे साहेब म्हणाले, तो माझा नाही, महसूलचा असेल. महसूलवाले म्हणाले, शाळेने लावला असेल. मुख्याध्यापक म्हणाले, मला फोन आला होता. कुणाचा? नंबर राहिला नाही.

टेलरबाईंनी सामान उचललं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होतो.

"जाऊ नका," मी म्हणालो.

"कुठे राहू?" त्यांनी विचारलं. "बोला ना, भाऊ. तुम्ही सगळ्यांना प्रश्न विचारता. माझा एक घ्या."

त्या सून आणि सासऱ्यांना घेऊन शेजारच्या घरात राहिल्या, सामाईक भिंतीच्या पलीकडे. शेजाऱ्यांनी एक खोली दिली. खाट भिंतीपासून लांब ठेवली आहे, आणि रात्री दार उघडं टाकतात.

गेल्या आठवड्यात त्या खोलीत त्यांच्या सुनेला मुलगी झाली. ती कुणाच्या हुकमाने तिथे जन्माला आली, हे मी पाच कार्यालयांना लेखी विचारलं आहे. आज हे लिहीपर्यंत एकाचंही उत्तर आलेलं नाही.